चकचकीत बाजूला लावलेली लेबलं

त्या दुपारी मी आणि माझी बायको ओट्यावर उन्हात बसून सीड्यांना लेबलं चिकटवत होतो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. ती बोटानं खळ लावून द्यायची, मी वरून लेबल दाबायचो आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यावर सीडी वाळत घालायचो. थंडीचे दिवस होते. मधेच ती उठून शेजारणीच्या कोंबड्या हाकलून यायची, कारण कोंबड्यांना खळीचा वास लागला होता.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो की हात जड होतो. पण हे लिहिल्याशिवाय मला मरण यायचं नाही, म्हणून कंपनीच्याच वहीत लिहितोय.

कंपनी म्हणजे नाशिकच्या अंबडची वह्यांची कंपनी. ऐंशी सालानंतर तिथं बाइंडिंगला लागलो, पुढं टेम्पोवर गेलो, आणि गुडघे गेले तेव्हा मोठ्या शेठनी घरी न बसवता शाळांच्या कामाला ठेवलं. निफाडपासून घोटीपर्यंत एकही हायस्कूल नाही जिथला शिपाई मला चहा पाजत नाही. मोठे शेठ गेले. धाकटे शेठ पुण्याहून शिकून आले आणि त्यांनी ही व्हिडिओची स्पर्धा काढली. आठवी ते दहावीच्या मुलांनी तीन मिनिटांची फिल्म करायची. विषय, आपल्या ओळखीचं कष्टाचं माणूस. फिल्ममध्ये कुठंतरी आपल्या कंपनीची वही दिसली पाहिजे. मग ती फिल्म कंपनीच्या नावानं इंटरनेटवर जाणार, लोक घरबसल्या मत देणार आणि जिंकणाऱ्या शाळेला कॉम्प्युटर मिळणार.

दोन हजार आठ-नऊ साल असेल. शाळांत नेट कुठलं? मुलं कुणाच्या काकाचा कॅमेरा, कुणाच्या मामाचा मोबाईल मागून शूटिंग करायची, गावातल्या फोटोवाल्याकडून सीडी करून घ्यायची आणि कॅमेरा परत द्यायच्या आधी आतलं सगळं पुसून टाकायची. सीडी हीच काय ती फिल्म. त्या सीड्या गोळा करायच्या, वहीत नंबर घालायचे आणि सिडकोतल्या नेट कॅफेवाल्याकडं द्यायच्या हे काम माझं. तो त्या नेटवर चढवणार. एक फिल्म चढायला तास तास लागायचा. धाकटे शेठ लोकांना सांगायचे, "स्पर्धा आमचे काका चालवतात." मला आतल्या आत हसू यायचं. ज्या माणसाला माऊस धरता येत नाही तो ऑनलाइन स्पर्धा चालवत होता.

घरी हिला सांगितलं तर म्हणाली, "चालवा की. टेम्पो चालवला तसं."

आता लेबलांचं सांगतो. प्रत्येक सीडीवर कंपनीचं लेबल पाहिजे, त्यावर नंबर पाहिजे, असा शेठचा हुकूम होता. प्रेसवाल्यानं लेबलं छापली ती साध्या कागदावर, मागं डिंक नाही. परत पाठवायला वेळ नव्हता. मी म्हटलं, त्यात काय, बाइंडरचा हात आहे, खळीनं लावतो. मैद्याची खळ करायला हिला सांगितलं. कंपनीत आम्ही खळीत मोरचूद घालायचो, किडा लागू नये म्हणून. घरी कुठलं मोरचूद? हिनं चिमूटभर हळद घातली.

लेबल लावायचं कुठं हा प्रश्न आला. सीडीच्या एका बाजूला मुलांनी मार्करनं नावं लिहिलेली. शेठनी बजावलं होतं, मुलांचं नाव झाकलं जाता कामा नये. दुसरी बाजू कोरी, चकचकीत. पंधरा वर्षं मी वह्यांना लेबलं लावली. लेबल कोऱ्या जागेवर लावायचं असतं, एवढं मला पक्कं माहीत होतं.

हिनं पहिली सीडी हातात घेतली, चकचकीत बाजू तोंडासमोर धरली. कपाळावरचं कुंकू नीट केलं.

"ह्यात तोंड दिसतंय," ती म्हणाली.

"मग?"

"मग आरशावर कोण कागद लावतं का? हीच खरी बाजू असंल. मला नाय वाटत इथं लावावं. त्या नेटवाल्याला इचारा की एकदा."

"तुला काय कळतं त्यातलं? खळ लाव गुपचूप."

"बरं बाई," ती म्हणाली. मला बाईच म्हणायची चिडली की. "तुमी म्हणाल तसं."

आणि तिनं खळ लावली. चाळीसच्या वर सीड्या होत्या, सगळ्यांना लावली. त्यातली एक तिची स्वतःची होती. आमच्या कॉलनीतल्या नववीच्या तीन मुलींनी फिल्मसाठी हिलाच निवडलं होतं. ही पेठकडची, डोंगरातली. नागलीची भाकरी हातावर थापायची, पोळपाटाला शिवायची नाही. अंबडच्या कारखान्यांतली एकटी राहणारी माणसं पहाटे हिच्याकडून भाकऱ्या न्यायची. मुलींनी दोन सकाळी बसून ते सगळं शूट केलं. मी तेव्हा घोटीला गेलो होतो. परत आलो तर मुली पदरात तोंड लपवल्यासारख्या हसत होत्या.

"काय बोललीस गं कॅमेऱ्यासमोर?" मी विचारलं होतं.

"तुमची चहाडी केली. बघा आता नेटवर. सगळं नाशिक बघंल."

मुलींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आजोबा, आजींनी शपथ घातलीये. तुम्ही फिल्ममध्येच ऐकायचं."

तिची सीडी आली तेव्हा मीच नंबर लिहिला. ती हसून म्हणाली, "घ्या, माझ्या तोंडाला मीच कागद लावते." शेवटचं लेबल दाबून झालं तेव्हा चार वाजले असतील. ती म्हणाली चहा ठेवते. आत गेली. भांड्याचा आवाज आला. मी हाक मारली, ओ आली नाही. उंबऱ्यात बसली होती, हात छातीवर. हाताला खळ तशीच. रिक्षा मिळेपर्यंत तिनं दोनदा पाणी मागितलं. सिव्हिलला पोहोचायच्या आधी गेली. मांडीवर डोकं होतं आणि मी रिक्षावाल्याला शिव्या देत होतो. ती गेली हे मला रिक्षावाल्यानं सांगितलं.

पुढचे तीन दिवस मला नीट आठवत नाहीत. लेक घोटीहून आली. ती भात वाढायची, मी ताटात हात ठेवून बसायचो. घरात कुणी जोरात बोललं की मारावंसं वाटायचं. मला वाटायचं, ज्या दिशेला ती गेली त्या दिशेला आपणही चालू लागावं, वाटेत कुठंतरी पडू. एवढा साधा विचार होता. लेकीनं माझ्या चपला लपवून ठेवल्या होत्या.

चौथ्या दिवशी धाकटे शेठ आले. दारात उभे राहिले, आत यायला लाजत होते. म्हणाले, "काका, वेळ नाही ही, पण सीड्या कुठं आहेत? रविवारी शेवटची तारीख आहे. सोमवारपासून मतदान सुरू होतंय."

सुतकात बाहेर पडायचं नसतं. मी पडलो, अनवाणीच. खरं सांगायचं तर मुलांच्या सीड्यांसाठी नाही पडलो. त्या ढिगात तिची सीडी होती. तिचा एकुलता एक फोटो लेकीच्या लग्नातला, तोही बाजूनं. तिचा आवाज जगात दुसरीकडं कुठंच नव्हता. मला ती हलताना बघायची होती. काय चहाडी केली ते ऐकायचं होतं.

कॅफेवाल्यानं वरची सीडी उचलली, उलटी केली आणि तसाच माझ्याकडं बघत राहिला. "हे काय केलंत? मशीन ह्याच बाजूनं वाचतं. आरशासारखी बाजू असते ना, फिल्म तिथून दिसते त्याला."

मला ओटा दिसला. ऊन दिसलं. आरशावर कोण कागद लावतं का.

तो म्हणाला, "थांबा, काढून बघतो." ब्लेड घेतलं आणि खरवडायला लागला. वरचा गठ्ठा निफाडकडच्या एका हायस्कूलचा होता. सहा सीड्या खरवडल्या. कागद निघाला, पण सीडीवर चरे पडले. एकही चालली नाही. मशीन घरघर करायचं आणि सीडी बाहेर टाकायचं. सातवीला मीच त्याचा हात धरला. म्हटलं, खळ आहे, मैद्याची. पाण्यानं सुटेल. ब्लेड ठेव खाली.

शेठ घामाघूम झाले होते. त्या शाळेच्या बाईंना तिथूनच फोन लावला. दुसरी प्रत आहे का? नव्हती. कॅमेरे परत गेले होते, पुसून. बाईंचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. शेठनी फोन बाजूला धरला आणि मला विचारलं, "काका, ही लेबलं कुणी लावली?"

मी म्हणालो, "बायकोनं."

एवढंच बोललो. खोटंही नाही असं कुणी म्हणेल, खळ तिनंच लावली होती. पण मला माहीत होतं मी काय बोललो ते. आणि का बोललो तेही माहीत होतं. मेलेल्या माणसाला कुणी बोलत नाही.

तसंच झालं. शेठचा चेहरा मऊ पडला. फोनवर हळू आवाजात म्हणाले, "बाई, काकूंच्या हातून झालंय. त्या परवाच वारल्या." पलीकडं बाई गप्प झाल्या. कॅफेवाल्यानं मला पाणी दिलं. मी ते प्यायलो.

उरलेल्या सीड्या घरी आणल्या. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, एकेक सीडी बुडवली. लेबल पाण्यावर तरंगायचं, खळ दुधासारखी विरघळायची. तिची बोटं फिरलेली खळ ती. मी ते पाणी ओतून द्यायला तयार होईना. लेक म्हणाली, "बाबा, द्या ते इकडं." मी दिलं नाही. सीड्या तलम फडक्यानं टिपून वाळवल्या. तिची सगळ्यात शेवटी धुतली, तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तशी.

लेकीनं विचारलं, "पण लेबलं उलटी लागली कशी?"

"तुझ्या आईनं लावली."

लेक माझ्याकडं बघत राहिली. "आई न इचारता कशाला हात लावत नव्हती," ती म्हणाली.

मी म्हटलं, "वाद घालू नकोस." ती उठून गेली.

सातव्या दिवशी निफाडच्या शाळेच्या बाई आल्या. बरोबर दोन मुलगे आणि एक मुलगी. मला वाटलं भांडायला आलेत. बरं झालं, असंही वाटलं. दोन शिव्या घालतील, मोकळा होईन. पण बाई पदर सावरून खाली बसल्या. म्हणाल्या, "बाबा, सांत्वनाला आलोय. मुलांनाच यायचं होतं."

मुलीनं तिच्या फिल्मचं सांगितलं. तिची आई द्राक्षाच्या बागेत मणी विरळायला जाते, कात्रीनं एकेक मणी काढते, ते तिनं शूट केलं होतं. मी म्हटलं, "परत काढता येईल का?"

"नाही आजोबा. विरळणी संपली. आता पुढच्या साली. पण मी दहावीला आहे."

पुढच्या साली ती शाळेत नसणार होती.

मग ती उठली. कोपऱ्यात ज्या जागी दिवा ठेवला होता तिथं गेली, वाकून पाया पडली आणि त्या दिव्याला म्हणाली, "आजी, आमचा तुमच्यावर राग नाही हां. तुम्हाला माहीत नव्हतं."

तिन्ही मुलं पाया पडली. बाईंनी डोळे पुसले. माझी लेक दारात उभी होती, ती माझ्याकडंच बघत होती. मी तोंड उघडलं. "पोरी," एवढं म्हणालो. सगळे माझ्याकडं वळले.

"चहा घेऊन जा," मी म्हणालो.

त्या दिवशी मी जेवलो नाही. लोकांना वाटलं दुःखानं. दुःख होतंच, पण दुःखात माणूस निदान स्वतःची कीव करतो. मला तेवढीही सोय नव्हती. जिला मी आयुष्यभर तुला काय कळतं म्हणालो तिला कळलं होतं, आणि आता ती परक्या पोरांची माफी घेत तिथं दिव्याच्या जागी बसली होती, न केलेल्या चुकीची. तिला उलट बोलता येत नव्हतं. यायचं तेव्हा मी बोलू दिलं नाही.

नवव्या दिवशी, रविवारी, शेठचा निरोप आला. धुवून पाठवलेल्या सीड्या चालल्या, काकूंचीही; चढवायच्या आधी तुम्ही बघून जा. मी गेलो. कॅफेत शेठ होते, कॅफेवाला होता आणि आमच्या कॉलनीतल्या त्या तिन्ही मुली. त्यांनी मला मधल्या खुर्चीवर बसवलं.

आधी कंपनीची वही दिसली, भाकरीच्या टोपल्याशेजारी. मग हात दिसले. नागलीचं पीठ, तिचे हात, थापण्याचा आवाज. तो आवाज चाळीस वर्षं पहाटे ऐकलाय मी, त्यावर कूस बदललीय. मग कॅमेरा वर गेला आणि ती दिसली. समोरून. घामानं कुंकू ओघळलेलं.

आतून मुलीचा आवाज आला, "आजी, आजोबांविषयी सांगा ना काहीतरी."

"काय सांगू? म्हाताऱ्याचं तोंड लय वाईट हाय." शेठ हसले. मुलीही हसल्या. "कुणाला काय बोलंल नेम नाय. पण एक सांगते. माझं नवीन लगीन झालेलं. सासूबाईंचे पाव्हणे आलेले, पंधरा-वीस माणूस. मला एवढ्या भाकरी कधी माहीत होत्या? निम्म्या करपल्या. मी चुलीपुढं रडायला लागले. सासू लय कडक. तेवढ्यात हे आले, एकवार टोपल्यात बघितलं, आणि भाईर जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, भाकरी करपल्या ते माझ्यामुळं, मीच लाकडं जास्ती सारली. खोटं! हे चुलीजवळ आलेलेच नव्हते. सासूनं ह्यांनाच धुतलं पाव्हण्यांत." ती हसली आणि भाकरी उलटली. "तवापासून मी म्हटलं, बोलू दे काय बोलायचं ते. मला नाय काय वाटत."

मग परत हात, भाकरी, डब्यात भाकऱ्या घेऊन जाणारे कामगार, आणि संपलं.

मला ते आठवत नव्हतं. पाहुणे आठवले नाहीत, करपलेल्या भाकऱ्या आठवल्या नाहीत. अजूनही आठवत नाही. माझ्या आईनं मला कितीदा धुतलं, त्यातलं ते कुठलं? मी कधीतरी एका दुपारी बोलून गेलो असेन आणि विसरलो. ती चाळीस वर्षं त्याच्यावर राहिली.

एक मुलगी म्हणाली, "आजोबा, रडू नका ना." मी रडत नव्हतो.

शेठ म्हणाले, "काका, ही फिल्म जिंकणार बघा. चढवू ना?"

"चढवा," मी म्हटलं.

माझ्या मागं कॅफेवाल्याच्या टेबलावर त्या सहा सीड्या पडल्या होत्या, खरवडलेल्या. मी त्या मागून घेतल्या, रुमालात बांधल्या.

दुसऱ्या दिवशी दहावा होता. नदीवर नऊ वाजता भटजी येणार होते आणि सगळं मलाच करायचं होतं. पहाटे लेक उठायच्या आधी मी उठलो. चपला पिठाच्या डब्यामागं सापडल्या. सीबीएस स्टँडवरून निफाडची पहिली गाडी धरली. शाळा सकाळची होती. पोहोचलो तेव्हा मुलं रांगेत उभी होती, प्रार्थना नुकतीच संपली होती. शिपायानं मला बघून हात केला, पण मी चहाला थांबलो नाही. सरळ बाईंकडं गेलो.

"बाबा? आज तर दहावा ना तुमच्याकडं?"

"हो. ती मुलगी कुठाय? आणि ते दोघं? इतर ज्यांच्या सीड्या होत्या ते पण बोलवा."

सहाही आली. मी रुमाल सोडून ज्याची सीडी त्याच्या हातात दिली. बाकीच्या रांगाही हलल्या नव्हत्या, सगळी शाळा ऐकत होती. मला ते बरं वाटलं.

मी म्हणालो, "लेबलं उलटी लावायला मी सांगितलं. ती नको म्हणत होती. विचारून या म्हणाली होती. मी तिला गप्प केलं. आणि मग तिचं नाव सांगितलं."

बाईंनी मान खाली घातली. ती द्राक्षाच्या बागेतली मुलगी हातातल्या सीडीकडं बघत होती. तिनं विचारलं, "म्हणजे आजींना माहीत होतं?"

"माहीत होतं," मी म्हणालो. "तिला कळलं होतं."

मुलीनं मान हलवली. ती माझ्या पाया पडली नाही. मी परतीची गाडी धरायला फाटकाबाहेर आलो.